करिता

निमकर साहेब गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले
तेव्हा जाताना अधिकार ठेवून गेले माझ्या टेबलावर,
एका पानाच्या आदेशात,
सोमवार ते पुढचा मंगळवार, दोन्ही दिवस धरून.
शिपाई ठोंबरेने तो पेपरवेटखाली सरकवला
आणि विचारलं, पंखा कमी करू का, बाई?

बेलापूर, सेक्टर अकरा, तिसरा मजला.
खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो, खाणीने खाल्लेल्या बाजूने.
परदेशी वकिलातींच्या माणसांना कुणी त्रास देऊ नये
आणि त्यांच्या माणसांनी कुणाला,
एवढंच आमचं काम. बाकी आवक-जावक.

"तातडीच्या प्रसंगी दूरध्वनी ऐकण्यास मंजुरी देण्याचे अधिकार
श्रीमती वृंदा गवाणकर यांना सुपूर्द करण्यात येत आहेत."
सुपूर्द.
आई शेजारून वाटीभर साखर उसनी आणायची
आणि परत देताना शिगोशीग भरून द्यायची.
उसनं सपाट परत करू नये, म्हणायची.
हे कशात मोजून द्यायचं,
मला कळेना.

शुक्रवारी कागद आला.
निळ्या पाटीची गाडी, रोज पामबीच रोडवरून.
तिला थांबवायचं नाही, डिकी उघडा म्हणायचं नाही,
काचेवर टकटकसुद्धा नाही;
दोन देशांनी तसं एकमेकांना लिहून दिलंय.
पण गाडी चालवणारा करावे गावचा.
हरेश्वर तांडेल, वय एकतीस.
त्याच्याकरिता कुणीच कुणाला काही लिहून दिलेलं नाही.

कारणाच्या रकान्यात एकच शब्द: संशय.
फोन नंबरात एक अंक कमी.
मी हिरव्या शाईने लिहिलं, अंक पूर्ण करावा, कारणही,
आणि परत पाठवला.
चार वाजता अंक आला.
कारणही आलं:
दाट संशय.

साहेबांना फोन लावला.
"अहो बाई, सातच दिवसांचं असतं ते.
मी आलो की बघतोच ना."
मागून नर्स म्हणत होती, पाय हलवू नका.

कुठल्यातरी खोलीत कुणीतरी हवालदार
कानाला हेडफोन लावून बसणार.
तांडेलच्या बहिणीची हळद असेल,
बँडवाल्याशी घासाघीस,
तांदळाची पिठी किती पायली, मावशीला आणायला कोण जाणार,
आणि यातच कुठेतरी, असलंच तर, ते.
किंवा नसेलच.
नसलं तरी हळद ऐकून झालेली असेल.

सात दिवस मागितले होते, मी तीन केले.
माझी सगळी बहादुरी त्या चार दिवसांची.
मग साहेबांच्या छापील नावाच्या वर
बारीक अक्षरात लिहिलं: करिता.
आणि सही.
आख्ख्या भाषेत किती मायेचा शब्द हा,
तुझ्याकरिता, लेकराकरिता,
आणि आमच्या ऑफिसात त्याचा अर्थ
मी नव्हे.

बुधवारी साहेब काठी टेकत आले, सगळ्यांना पेढा दिला.
आदेशावर शेरा मारला, मुदत संपली.
महिनाभराने मी विचारलं, त्या तांडेलचं काय झालं?
"कोणता तांडेल?"
ते खरंच विसरले होते, मी चेहरा बघितला.
जे ऐकलं गेलं ते बंद लिफाफ्यात वर जातं,
लिफाफा उघडण्याचा अधिकार
मला कुणी दिला नव्हता,
उसनासुद्धा.

काल सेक्टर आठच्या मेडिकलमध्ये
बीपीच्या गोळ्या घेतल्या.
पोऱ्या बिल करताना मान वर न करता म्हणाला,
ताई, मोबाईल नंबर?
मी सांगायला लागले.
पाच अंक सांगून झाले, सहावा ओठावर,
आणि थांबले.
तो बोट कीबोर्डवर तसंच धरून:
पुढे?